थोड्या रंगांची तालीम



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला इतिहासावर लिहावयास सांगितले. इतिहासाचा शिक्षक म्हटला म्हणजे तो एखाद्या लढाईवर किंवा बादशाहावर लिहील अशी सर्वांची अपेक्षा असते. मी मात्र यंदा आपणांस एका कॉफीच्या भांड्याचा, टोपलीभर बटाट्यांचा आणि धूळ खात पडलेल्या काही बाटल्यांचा इतिहास सांगणार आहे. असा विषय का घेतला, ते आधी सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेसाठी नावे गोळा करण्याचे काम माझ्याकडे होते. यादीत आठवीतील एका मुलीचे नाव होते. दुसऱ्याच दिवशी तिचे वडील शाळेत आले. गृहस्थ कष्टाळू, बोलणे अदबीचे. म्हणाले, "सर, मुलगी हुशार आहे म्हणून शिकवतो. पण ही रंगांची मोठी पेटी, ब्रश, कागद, हे आमच्याने व्हायचे नाही. तिच्याकडे जुन्या पेटीतले चारच रंग उरलेत. आणि खरे सांगायचे तर, भांडीकुंडी रंगवून तिला मिळणार तरी काय?"

मी इतिहासाचा पदवीधर. बी.एड. करताना "शिक्षणात कलेचे स्थान" या विषयावर पाने भरून उत्तरे लिहिलेली. परंतु त्या वेळी मला एक वाक्य सुचले नाही. "ठीक आहे, भाईजान," एवढेच म्हणून मी यादीतून नाव खोडले. मुलगी दारात उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती वर्गात निघून गेली.

त्या गृहस्थांचे दोन प्रश्न होते. चार रंगांत चित्रकला शिकता येते काय? आणि भांडीकुंडी रंगवून काय मिळते? हे दोन्ही प्रश्न फार जुने आहेत व इतिहासात त्यांची उत्तरे आहेत. ती मी त्या दिवशी द्यावयास हवी होती. उशिरा का होईना, आज देतो.

चार रंगांची जुनी गोष्ट

टेबलावर मांडलेल्या निर्जीव वस्तूंचे, म्हणजे फळे, भांडी, पाव, पुस्तके, बाटल्या यांचे जे चित्र काढतात, त्यास आपण स्थिरचित्र म्हणतो. आणि चित्रकार रंग कालविण्यासाठी जी फळी हातात धरतो, ती पॅलेट. या फळीवर किती रंग असावेत, याविषयीचा वाद दोन हजार वर्षांचा आहे.

रोमन ग्रंथकार प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटात मरण पावला. निसर्गाविषयीच्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने चित्रकलेचीही हकीकत दिली आहे. तो सांगतो की, अपेलीस व त्याच्यासारख्या ग्रीक उस्तादांनी आपली अजरामर चित्रे केवळ चार रंगांत काढली : मेलॉस बेटावरील पांढरी माती, अॅटिका प्रांतातील पिवळी माती, काळ्या समुद्राकाठच्या सिनोप येथून येणारा तांबडा गेरू आणि काजळीचा काळा. पुढे तो तक्रार करतो की, आता भिंती जांभळ्या रंगाने रंगविल्या जातात, हिंदुस्थानातून नद्यांचा गाळ येतो, तरी थोर म्हणावे असे चित्र निर्माण होत नाही. हा नद्यांचा गाळ म्हणजे आपली नीळ, असे जाणकार समजतात.

इतिहासाचा शिक्षक या नात्याने येथे एक सावधगिरीची सूचना देतो. प्लिनीचे म्हणणे अक्षरशः घेऊ नये. त्या काळच्या थडग्यांतील ज्या भिंतीचित्रांचा शोध लागला आहे, त्यांत या चारांपलीकडील रंगही आढळतात. परंतु एवढे खरे की, पांढरा, पिवळा, तांबडा आणि काळा या चार मातकट रंगांत माणसाचा चेहरा, मातीचे मडके, पावाचा तुकडा आणि संध्याकाळचा उजेड हे सर्व दाखविता येते, हे त्या लोकांना ठाऊक होते. म्हणजे आपल्या आठवीतील मुलीच्या पेटीत जेवढे रंग उरले होते, तेवढ्यात.

सर्वांत खालच्या पायरीवरची चित्रे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. भांडीकुंडी रंगविणे हे हलके काम आहे, असे त्या वडिलांनाच वाटले असे नाही. फ्रान्समध्ये १६४८ साली राजाच्या आश्रयाने चित्रकला व शिल्पकला यांची अकादमी स्थापन झाली. त्या अकादमीच्या वतीने आंद्रे फेलिबियँ या लेखकाने १६६७ मध्ये चित्रांच्या पायऱ्याच लावून दिल्या. इतिहासातील व धर्मकथांतील प्रसंगांची चित्रे सर्वांत वर; फळे, फुले आणि शिंपले यांची चित्रे सर्वांत खाली. ज्यात प्राण नाही ते रंगविणारा चित्रकार खालच्या दर्जाचा, असा हा हिशेब होता.

गंमत अशी की, त्याच सतराव्या शतकात हॉलंडमधील हार्लेम शहरात पीटर क्लाझ (सुमारे १५९७ ते १६६०) आणि विलेम क्लाझ हेडा (१५९४ ते १६८०) हे दोन चित्रकार आयुष्यभर न्याहारीची टेबले रंगवीत होते. कथिलाची बशी, पाव, मासा, काचेचा पेला, अर्धवट सोललेले लिंबू, चुरगळलेला पांढरा कपडा. यांची चित्रे पाहिली तर प्रथम वाटते की, सारे चित्र एकाच करड्या-तपकिरी रंगात आहे. मग हळूहळू दिसू लागते की, कथिलाचा करडा वेगळा, काचेचा वेगळा, कपड्याच्या सुरकुतीतला वेगळा. या सगळ्यांत लिंबाच्या सालीचा एक पिवळा पट्टा असतो आणि तो एखाद्या दिव्यासारखा उजळतो. चित्रात दहा भडक रंग असते तर त्या लिंबाकडे कोणी पाहिलेही नसते.

या चित्रांमागे पैशाचाही हिशेब होता. उत्तम निळा रंग लाजवर्द दगडापासून होई. तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून युरोपपर्यंत जाई आणि साहजिकच फार महाग पडे. मातीचे रंग स्वस्त होते. हार्लेमच्या चित्रकारांचे गिऱ्हाईक राजेरजवाडे नव्हते, शहरातील व्यापारी व कारागीर होते. तेव्हा हात आखडता घ्यावा लागे. परंतु त्या आखडत्या हातानेच त्यांना उजेड पाहावयास शिकविले.

पुढल्या शतकात पॅरिसमध्ये जाँ सिमेआँ शार्दँ (१६९९ ते १७७९) नावाचा चित्रकार झाला. बाप सुतारकाम करणारा कारागीर. मुलाने राजेमहाराजांची चित्रे काढण्याऐवजी स्वयंपाकघरातील वस्तू निवडल्या. १७२८ मध्ये अकादमीने त्याला सभासद करून घेतले, पण प्राणी व फळे रंगविणारा म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवर. याच माणसाला १७५५ मध्ये अकादमीने आपला खजिनदार नेमले आणि मोठ्या प्रदर्शनात कोणाचे चित्र कोठे टांगावे हे ठरविण्याचे कामही त्याच्याकडे आले. त्याचे १७६१ च्या सुमाराचे एक चित्र अमेरिकेत पिट्सबर्ग येथील संग्रहालयात आहे. त्यात काय आहे? पाण्याने भरलेला काचेचा पेला, शेजारी कॉफीचे काळपट तपकिरी भांडे आणि पुढे थोडी लसूण. बस्स. आपल्या कोणाच्याही घरी सकाळी ओट्यावर याहून अधिक वस्तू असतात. तरी ते चित्र पाहताना घरात नुकतेच कोणी वावरून गेले आहे, असा भास होतो. अशा चित्रालाच मी बोलके चित्र म्हणतो.

शेजारचा रंग

थोडे रंग पुरतात कसे, यामागे एक शास्त्र आहे. ते समजावून घेण्यासारखे आहे.

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा गालिचे व चित्रपट विणण्याचा सरकारी कारखाना होता. १८२४ मध्ये तेथील रंगखात्यावर मिशेल शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. विणकरांची तक्रार अशी की, काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही, रंगात खोट आहे. शेव्हरलने तपासणी केली, तेव्हा रंगात खोट आढळली नाही. त्या काळ्या धाग्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे विणले होते आणि त्या शेजारामुळे काळा फिका दिसत होता! वर्षानुवर्षे अभ्यास करून त्याने १८३९ मध्ये रंगांच्या शेजारधर्मावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे : रंग जसा आहे तसा डोळ्याला कधीच दिसत नाही, शेजारचा रंग त्याला बदलून टाकतो.

आपण घरी करून पाहा. काळा व पांढरा मिसळून साधा करडा करा. त्याचा एक ठिपका कोऱ्या कागदावर द्या आणि दुसरा गेरूच्या रंगाने रंगविलेल्या जागेच्या मधोमध द्या. गेरूमधला करडा थंड, किंचित निळसर-हिरवट वाटू लागेल. तुमच्या पेटीत निळा नाही, तरी चित्रात निळ्याचा भास झाला. तसेच काळ्यात पिवळी माती मिसळली तर गढूळ हिरवा रंग होतो. शेवग्याच्या शेंगेला आणि जुन्या बाटलीला तो छान चालतो. ज्याच्याकडे चोवीस रंगांची पेटी असते, तो हिरवा लागला की हिरव्याची वडी उघडतो. ज्याच्याकडे चार रंग असतात, त्याला विचार करावा लागतो. हा विचार करावा लागणे यालाच मी तालीम म्हणतो.

टोपलीभर बटाटे

हे रंगशास्त्र पुस्तकांतून वाचून स्वतःच्या हाताने पडताळून पाहणारा एक मनुष्य म्हणजे व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३ ते १८९०). त्याची पिवळीधमक सूर्यफुले आपण कॅलेंडरांवर पाहिली असतील. परंतु त्या पिवळ्यापर्यंत तो कसा पोहोचला, ही हकीकत क्वचितच सांगितली जाते.

व्हॅन गॉग हा पाद्र्याचा मुलगा. चित्रकार व्हावयाचे हे त्याने १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ठरविले. १८८३ च्या अखेरीपासून सुमारे दोन वर्षे तो हॉलंडमधील न्यूनेन या खेड्यात आईवडिलांकडे राहिला. शेजारच्या आइंडहोवेन गावातील काही हौशी मंडळी त्याच्याकडे शिकावयास आली, तेव्हा १८८४ मध्ये त्याने त्यांना पहिला धडा दिला तो स्थिरचित्राचा. त्यांच्याबरोबर तोही बाटल्या, मडकी, भांडी रंगवीत बसे. १८८५ च्या शरद ऋतूत त्याने बटाट्यांच्या टोपल्या, सफरचंदे आणि पक्ष्यांची घरटी रंगविली. रंग म्हणाल तर मातीचे : तपकिरी, मळकट हिरवा, करडा, काळा. बटाटे असे रंगविले आहेत की, जणू नुकतेच शेतातून उपटून आणले असावेत आणि त्यांना माती चिकटलेली असावी.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचे वडील वारले होते. बापलेकांचे फारसे पटले नव्हते. ऑक्टोबरमध्ये त्याने एकाच दिवसात एक स्थिरचित्र पुरे केले. आज ते अॅमस्टरडॅम येथील त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. काळ्या पार्श्वभूमीवर उघडे ठेवलेले मोठे बायबल, शेजारी विझलेली मेणबत्ती आणि पुढे एमिल झोला या लेखकाची एक हाताळून जीर्ण झालेली कादंबरी. ती कादंबरी लिंबासारखी पिवळी आहे. बाकी सारे चित्र करडे, तपकिरी आणि काळे. जुन्या पिढीचा मोठा ग्रंथ आणि मुलाचे लहानसे पुस्तक एका टेबलावर आहेत. त्यात कोणाचा चेहरा नाही, एक अश्रू नाही. परंतु ज्याने वडील गमावले आहेत आणि त्यांच्याशी बोलावयाचे राहून गेले आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. हे सामर्थ्य त्या एका पिवळ्या रंगाचे आहे आणि तो पिवळा उठून दिसतो कारण बाकीच्या रंगांनी आपली जागा सोडलेली नाही.

पुढे १८८६ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे माणसांना समोर बसवून चित्र काढावयास पैसे नव्हते, म्हणून त्याने फुलांची अनेक स्थिरचित्रे काढून भडक रंगांचा अभ्यास केला. म्हणजे बटाट्यांची शाळा आधी आणि सूर्यफुले मागाहून. हा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

बोलोन्याचे ड्रॉइंग मास्तर

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, त्या माणसाकडे येतो. माझ्या व्यवसायबंधूंपैकी एक म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटते.

इटलीत बोलोन्या हे जुने विद्यापीठाचे शहर आहे. तेथे २० जुलै १८९० रोजी जॉर्जो मोरांदीचा जन्म झाला. १९०९ मध्ये वडील वारले. घरात आई आणि तीन बहिणी. फोंदात्सा नावाच्या गल्लीतील एका साध्या घरात हे कुटुंब राहत असे आणि मोरांदी मरेपर्यंत त्याच घरात राहिला. त्याने लग्न केले नाही. १९१४ मध्ये त्याला बोलोन्याच्या प्राथमिक शाळांत चित्रकलेच्या शिक्षकाची नोकरी मिळाली. १९२९ पर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, त्याने लहान मुलांना ड्रॉइंग शिकविले. पुढे १९३० ते १९५६ पर्यंत तो तेथील कला अकादमीत धातूच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला शिकवीत होता. ही कला तो स्वतः जुनी पुस्तके वाचून शिकला होता.

तरुणपणी त्याला सेझान या फ्रेंच चित्रकाराची ओढ लागली. परंतु सेझानची चित्रे त्याने प्रथम पाहिली ती पुस्तकातील काळ्या-पांढऱ्या छापील प्रतिकृतींत. रंगांच्या एवढ्या मोठ्या जाणकाराची ओळख रंगांवाचून झाली! साधने नाहीत म्हणून अडून बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्याची निजण्याची खोली हीच चित्रे काढण्याची खोली. एक अरुंद खाट, एक चित्राची घोडी, एक-दोन टेबले आणि अंगणाकडे उघडणारी खिडकी. आणि सभोवार वस्तू : बाटल्या, पत्र्याचे डबे, सुरया, फुलदाण्या, तेलाचा दिवा, जुनी किटली. त्यांतली एकही किमती नाही. बाटल्यांवरची लेबले तो काढून टाकी. काही बाटल्यांच्या आत रंग ओतून तो त्यांची चमक मारून टाकी, म्हणजे काच चकाकू नये, नुसता आकार दिसावा. वस्तूंवर धूळ साचली तर ती तो पुसू देत नसे, कारण धुळीमुळे रंग मऊ होतो. टेबलावर कागद पसरून कोणती बाटली कोठे ठेवली याच्या खुणा तो पेन्सिलीने करून ठेवी. मग एखादा डबा बोटभर इकडे सरकवावयाचा, सावली कोठे पडते ते पाहावयाचे, पुन्हा सरकवावयाचा. चित्राला हात लावण्यापूर्वी या मांडणीतच त्याचे दिवस जात.

त्याच्या पॅलेटवर मातीचेच रंग बहुतेक : पांढरा, पिवळसर, गुलाबी झाक असलेला तपकिरी, करडा, क्वचित थोडा निळा. त्याच त्या बाटल्या त्याने सुमारे पन्नास वर्षे रंगविल्या. तेराशेहून अधिक तैलचित्रे केली आणि त्यांतली बहुसंख्य या टेबलावरची. परंतु दोन चित्रे सारखी नाहीत. एका चित्रात भांडी एकमेकांना खेटून उभी असतात, जणू पावसात एका छपराखाली थांबलेली माणसे. दुसऱ्यात एक उंच पांढरी बाटली एकटीच बाजूला असते आणि तिच्या व इतरांच्या मधली रिकामी जागा आपल्याला बोचते. काही चित्रांत दोन वस्तूंच्या कडा अशा जुळतात की, एक कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे कळत नाही. हाताशी असलेल्या थोड्या छटा जपून वापरीत त्याने एकटेपण, सोबत, संध्याकाळ आणि शांतता ही दाखविली.

जगाने त्याची दखल उशिरा घेतली. १९४८ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याला चित्रकलेचे पारितोषिक मिळाले. १९५७ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथील प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याने परदेशी प्रवास जवळजवळ केलाच नाही. १८ जून १९६४ रोजी तो त्याच गावी, त्याच घरी वारला. आज बोलोन्यात त्याच्या नावाचे संग्रहालय आहे.

आपल्या परंपरेतील दोन-तीन गोष्टी

हा सारा युरोपचा इतिहास झाला, याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. म्हणून थोडे सांगतो.

उजेड वस्तूवर पडतो आणि तेथून सरळ रेषेत डोळ्यापर्यंत येतो, म्हणून आपल्याला दिसते, ही गोष्ट आज आपण सहज बोलतो. हे प्रयोगांनिशी व्यवस्थित मांडले ते बसरा येथे जन्मलेल्या व कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसम यांनी. त्यांचे "किताब अल-मनाझिर" अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिले गेले. पुढे त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि १५७२ मध्ये बाझेल शहरी तो छापून निघाला. टेबलावरच्या बाटलीची उजळ बाजू आणि अंधारी बाजू पाहणारा प्रत्येक विद्यार्थी या आलिमाच्या शाळेत बसलेला असतो.

दहाव्या शतकात निशापूर आणि समरकंद येथील कुंभार पांढऱ्या लेपाच्या थाळ्यांवर कडेने काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात कूफी अक्षरे लिहीत. थाळीच्या मालकाला दुवा किंवा एखादे नीतिवचन, एवढाच मजकूर. आणि मधला भाग बहुधा कोरा. पांढरा आणि काळा, दोनच रंग. हजार वर्षांनंतरही जगातील मोठमोठी संग्रहालये त्या थाळ्या मानाने मांडतात.

आणि अगदी जवळचे उदाहरण मुंबईचे. अकबर पदमसी (१९२८ ते २०२०) हे खोजा कुटुंबात जन्मलेले, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. १९५९-६० मध्ये त्यांनी सगळे रंग बाजूला ठेवून नुसत्या करड्या छटांत मोठी चित्रे काढली आणि १९६० साली मुंबईत ती मांडली. त्यांत निसर्गदृश्ये आहेत, शहरे आहेत. ती स्थिरचित्रे नव्हेत, परंतु थोड्यात पुष्कळ सांगण्याची हिंमत तीच.

आपल्यापैकी काही पालकांच्या मनात आणखी एक शंका असते व ती सजीवांच्या चित्रांविषयी असते. मी आलिम नाही आणि धर्माचा निर्णय देणे हे माझे काम नाही. परंतु हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडे एक चित्रकार आला असता, काढावयाचेच असेल तर झाडे आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ, असे त्यांनी त्याला सांगितल्याचे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. शार्दँचा पेला आणि मोरांदीच्या बाटल्या यांत या दृष्टीने अडचण यावी असे मला तरी वाटत नाही.

विद्यार्थ्यांनो, सुरुवात अशी करा

मी चित्रकलेचा शिक्षक नव्हे. तरी आमच्या शाळेतील ड्रॉइंगच्या सरांना विचारून आणि स्वतः बसून करून पाहून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तू तीनच घ्या आणि त्या आपल्या घरातल्या घ्या : बधना, चहाची किटली, कांदा, अम्मीचा खलबत्ता, दादाजानचा चष्मा. ज्या वस्तूशी आपले नाते आहे, ती वस्तू चित्रात लवकर बोलते.

दुसरी गोष्ट, उजेड एकाच बाजूने येऊ द्या. एक खिडकी उघडी ठेवा, दिवा बंद करा. मग डोळे किलकिले करून पाहा. बारीकसारीक नक्षी नाहीशी होईल आणि उजेड, मधली छटा व सावली असे तीन भाग दिसतील. आधी ते तीन भाग नुसत्या काळ्या-पांढऱ्यात काढा. येथे चुकलात तर पुढे कितीही रंग लावले तरी चित्र उभे राहत नाही.

तिसरी गोष्ट, रंग चारच घ्या : पांढरा, काळा, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, आणि गेरूसारखा तांबडा. प्रथम एका जुन्या कागदावर या चारांच्या मिश्रणांचा तक्ता करा. दोन-दोन मिसळा, मग तीन-तीन, प्रत्येकात थोडा थोडा पांढरा घाला. पाहता पाहता तीस-चाळीस छटा होतील. तो तक्ता भिंतीला लावून ठेवा. ती तुमची पेटी, आणि ती तुम्हीच बनविलेली.

चौथी गोष्ट, चित्रातील सर्वांत उजळ जागा एकच ठेवा. हार्लेमच्या चित्रकारांचे लिंबू आठवा, व्हॅन गॉगचे पिवळे पुस्तक आठवा. आपल्याला काय सांगावयाचे आहे हे ठरवा आणि तो उजेड तेथे द्या.

आणि त्याच वस्तू पुन्हा काढा. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळी, थोड्या सरकवून. पहिले चित्र फसेल. पाचव्या चित्रात किटलीला वजन येईल. दहाव्यात ती किटली तुमच्याच घरातली आहे हे पाहणाऱ्याला कळेल.

पालकांसाठी शेवटचे दोन शब्द

भांडीकुंडी रंगवून काय मिळते? नोकरी मिळेल असे आश्वासन मी देऊ शकत नाही, आणि तसे खोटे आश्वासन देऊन कोणाला फसवूही नये. परंतु तासभर एका जागी बसून एका वस्तूकडे नीट पाहणे, जे दिसते तेच कागदावर उतरविणे, चुकल्यावर पुन्हा सुरू करणे, हाताशी जे आहे त्यात भागविणे, या सवयी ज्या मुलाला लागल्या, ते मूल गणिताच्या वहीपुढेही वेगळे बसते. सब्र आणि मेहनत यांवर आपण मुलांना नेहमी उपदेश करतो. येथे तो उपदेश न करता त्यांचा सराव होतो.

आणि समजा, यातले काही झाले नाही, तरी एक गोष्ट होतेच. ज्या मुलीने आपल्या घरची किटली दहा वेळा रंगविली, तिला आपल्या घराची लाज वाटत नाही. त्या घरात उजेड कोठून येतो, हे तिने पाहिलेले असते.

भाईजान, हा लेख छापून आला म्हणजे त्याची प्रत मी स्वतः आपल्या घरी आणून देणार आहे. आपल्या मुलीच्या पेटीत चार रंग उरले आहेत, असे आपण म्हणाला होता. अपेलीस व त्याचे सोबती तेवढ्यातच भागवीत, असे प्लिनी लिहून गेला आहे. यंदाची यादी पुन्हा माझ्याकडेच आहे आणि गेल्या वर्षी खोडलेले नाव मी या वेळी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. आपण हो म्हटले की ते शाईने लिहीन.